‘तुम्ही सांगाल तसं, दादा’ : वसतिगृहातल्या सोबतीचे एक प्रकरण

हे प्रकरण सोबत्यांच्या प्रशिक्षणासाठी रचलेले आहे; सोबती म्हणजे अडचणीतल्या मुलांचे ऐकून घ्यायला तयार केलेले वसतिगृहातलेच विद्यार्थी. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वसतिगृहांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका मुलाच्या वाट्याला दिल्या आहेत. मुलगा, कॉलेज आणि त्यांच्याबद्दलचे आकडे कल्पित आहेत. कायदे, हेल्पलाइन आणि ज्या कामांचा उल्लेख नावाने आला आहे ती खरी आहेत.

मुलगा

वय २०. दहावीनंतर पॉलिटेक्निकला मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा, ७८ टक्के, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. कॉलेजच्या भाषेत ‘डिप्लोमावाला’. बारावी करून आलेल्या मुलांचे एम-वन आणि एम-टू, म्हणजे गणिताचे पहिले दोन विषय, पहिल्या वर्षी झालेले असतात. डिप्लोमावाला एकदम एम-थ्रीच्या वर्गात येऊन बसतो. फळ्यावर लाप्लास सुरू होते आणि त्याला खालच्या दोन मजल्यांचा जिना नसताना तिसरा मजला गाठायचा असतो. या मुलाचा एम-थ्री दोनदा राहिला, आणखी तीन विषयांत केटी लागली, म्हणजे ते नापास म्हणून पुन्हा द्यायचे राहिले, आणि जुलैत निकालावरून कळले की इयर डाऊन. बरोबरची मुले तिसऱ्या वर्षाला गेली, हा दुसऱ्याच वर्षात.

घरी अडीच एकर शेत, वडील पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर. फी चुलते भरतात. दहावीनंतर मेकॅनिकल घ्यायचे हे चुलत्यांनी ठरवले, डिप्लोमानंतर डिग्री हेही त्यांनीच. इयर डाऊन झाल्याचे घरी कोणालाच ठाऊक नव्हते.

पहिल्यांदा रूममेटच्या लक्षात आले, तेही जेवणावरून. मेस आठ ते साडेनऊ. हा सव्वानऊनंतर, भाजी संपून नुसते वरण उरले असताना जायला लागला, म्हणजे जुन्या वर्गातले कोणी भेटायला नको. सबमिशनच्या फायलींवर नाव-रोलनंबर सुबक अक्षरात, आतली पाने कोरी. घरून फोन आला की मोबाइल पालथा घालायचा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रूममेट मजल्यावरच्या सोबत्याला म्हणाला, “त्याचं काहीतरी बिनसलंय. मी विचारलं तर हसतो.”

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातल्या. असे आकडे वाचले की हात लगेच गुणपत्रिकेकडे जातो. पण नापास होणारे हजारो असतात. लपवून ठेवलेली गोष्ट, तुटलेली झोप, आपण ओझे झालो आहोत ही समजूत आणि बोलायला कोणी नसणे, हे सगळे एकत्र आले की धोका वाढतो. सोबत्याने लक्ष ठेवायचे ते या एकत्र येण्यावर.

व्यवस्था कशी होती

वसतिगृहात २४० मुले आणि १४ सोबती. समुपदेशक मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते चार येत. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितले. त्याच निकालात टेलि-मानससारखे हेल्पलाइन नंबर वसतिगृहात आणि वर्गांत ठळक अक्षरांत लावायलाही सांगितले. पण आठवड्यातले दोन दिवस म्हणजे दहा तास, आणि मुलांची अडचण बहुधा रात्री साडेदहानंतर सुरू होते. ती मधली जागा भरायला सोबती.

निवड करताना गुणवंत, भाषणपटू आणि कल्चरल सेक्रेटरी यांना मुद्दाम झुकते माप दिले नव्हते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पाने गावात आधीपासून संबंध-संपर्क असलेली माणसे मदतीसाठी तयार केली होती. तेच तत्त्व इथे लावले. प्रत्येक मजल्यावर चिठ्ठी टाकून एकच प्रश्न विचारला : रात्री दोन वाजता दार कोणाचे वाजवाल? ज्यांची नावे पुन्हा पुन्हा आली त्यांना बोलावून दहा मिनिटांचा सराव दिला. समोरचा बोलतो, तुम्ही ऐकायचे आणि शेवटी त्याच्याच शब्दांत तीन वाक्ये परत सांगायची. अर्धे इथेच गळतात. हुशार मुले जास्त गळतात, कारण त्यांच्याकडे उत्तर लवकर तयार असते.

प्रशिक्षण २४ तासांचे, तीन शनिवार-रविवार, रोज चार तास. त्यातले नऊ तास ऐकण्याच्या सरावाला, सहा तास जिवाच्या धोक्याबद्दल सरळ विचारायला, बाकी वेळ गोपनीयता, नोंद आणि कोणाला केव्हा फोन करायचा यासाठी. नैराश्याची लक्षणे पाठ करून घेण्यावर फक्त एक तास. लक्षणांची यादी हातात आली की विशीतला मुलगा निदान करत सुटतो.

बसायला मेसशेजारची जुनी कॅरम रूम दिली होती आणि ती पहिल्या महिन्यात रिकामीच राहिली. कारण साधे होते : दार मेसच्या रांगेसमोर. कोण आत गेले ते साठ जणांना दिसणार. बोलणी झाली ती गेटबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंतच्या रस्त्यावर. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, म्हणून बोलणे सोपे जाते. फक्त एक तोटा होतो, सुरुवातीला सांगायच्या गोष्टी सांगायच्या राहून जातात. तो तोटा याही प्रकरणात झाला.

पहिले बोलणे

सोबती शेवटच्या वर्षाचा, स्वतः डिप्लोमावाला, एम-थ्री तिसऱ्या खेपेला काढलेला. तो दारात जाऊन “काय झालंय तुला?” असे विचारत बसला नाही. “चहाला चाललोय, येतोस?” एवढेच म्हणाला. हे उत्तम. पुढची पंधरा मिनिटेही चांगली गेली. मुलाने केटीचे सांगितले, फीचे सांगितले, घरी माहीत नाही हेही सांगितले.

मग सोबती म्हणाला, “अरे, माझंही अगदी असंच झालं होतं.”

या वाक्याने बोलण्याची मालकी बदलते. दोन मिनिटांत आटोपते घेतले तर ते दिलाशाचे ठरते, पण आटोपते घेणारे थोडे. सोबत्याने स्वतःची गोष्ट बारा मिनिटे सांगितली आणि तिच्या शेवटी सल्ला दिला : “तू खरं तर सोडून दे. डिप्लोमावर चाकणला लागशील, हातात पैसे येतील, डिग्रीचं पुढे बघता येईल.”

मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. “बरं वाटलं. तुम्ही सांगाल तसं, दादा.” सोबत्याने रात्री नोंदीत लिहिले : ‘समस्या सुटली.’

सल्ला तसा अडाणी नव्हता. हाच सल्ला दुसऱ्या एखाद्या मुलाला कदाचित लागूही पडला असता. पण या मुलाने आजवरचा प्रत्येक मोठा निर्णय दुसऱ्याच्या तोंडून ऐकून अमलात आणलेला होता. इंजिनिअरिंगला तो चुलत्यांच्या सांगण्यावरून आला, आता सोबत्याच्या सांगण्यावरून सोडणार होता. खुंटी तीच, सदरा दुसरा. ‘दादा’ हे संबोधनही इथे आपले काम करत होते. सहाध्यायी म्हणजे बरोबरीचा असे आपण कागदावर लिहितो. मराठी वसतिगृहात दोन वर्षांनी मोठा मुलगा बरोबरीचा नसतो, तो दादा असतो, आणि दादाचा शब्द मोडायचा नसतो. हे संबोधन बदलता येणार नाही, बदलायचा अट्टहासही करू नये. त्याचे वजन मात्र सोबत्याच्या ध्यानात असायला हवे.

तिसऱ्या दिवशी मुलाने घरी फोन केला आणि एका दमात सांगून टाकले, “मी कॉलेज सोडतोय, दादा म्हणाले सोड.” इयर डाऊनचा उल्लेख त्यातही नव्हता. चुलत्यांनी रेक्टरांना फोन लावला : हा दादा कोण? रेक्टरांकडून त्यांना चार विषय आणि इयर डाऊन, सगळे कळले. संध्याकाळी मुलगा सोबत्याच्या खोलीत आला आणि म्हणाला, “आता पुढं काय करू ते सांगा.”

नोंदीचा कागद आणि शुक्रवारची बैठक

प्रत्येक बोलण्यानंतर सोबत्याने अर्ध्या पानाची नोंद करायची असते, नाव न घालता. चारच प्रश्न. त्याने काय सांगितले, त्याच्याच शब्दांत? मी काय बोललो? निर्णय कोणाचा झाला? जिवाच्या धोक्याबद्दल विचारले का? या नोंदीत तिसऱ्या प्रश्नापुढे जागा कोरी होती. चौथ्यापुढे लिहिले होते, ‘विचारले नाही, तसे वाटले नाही.’

शुक्रवारी सात-सात सोबत्यांची बैठक असते, ७५ मिनिटांची. गोव्यात ‘संगाथ’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी आपल्या सत्रांची ध्वनिमुद्रणे गटात ऐकून एकमेकांना गुण द्यायची पद्धत वापरली. वसतिगृहात ध्वनिमुद्रण करणे बरे नव्हे. मोबाइलमधली फाइल कोणाच्या हाती लागेल याचा नेम नाही. म्हणून इथे बोलणे पुन्हा उभे करतात. सोबती आठवेल तसे आपले बोलणे बोलतो, दुसरा मुलगा बनतो, तिसरा घड्याळ लावून कोण किती बोलले ते मोजतो. ४० मिनिटांत सोबती २६ मिनिटे बोलला होता. आकडा पाहून तो स्वतःच हबकला. त्याच्या आठवणीत तो ‘बहुतेक ऐकतच’ होता.

मॅडमनी सल्ला बरोबर की चूक यात कोणालाही पडू दिले नाही. त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, माहिती आणि सल्ला. इयर डाऊन झाल्यावर केटीचा परीक्षा फॉर्म कधी भरायचा ही माहिती. ‘तू फॉर्म भर’ हा सल्ला. माहिती हवी तितकी द्यावी आणि ती अचूक असावी. सल्ला मागितला तरी हात आखडता घ्यावा.

उलट टोकाची चूकही तितकीच होते, आणि पुस्तके वाचून आलेले सोबती ती हमखास करतात. ब्रिटनमध्ये १९७० साली एसेक्स विद्यापीठात सुरू झालेल्या नाइटलाइन या विद्यार्थ्यांनी चालवलेल्या रात्रीच्या फोनसेवेने सल्ला न देता ऐकायचे हे तत्त्व रुजवले आणि ते तिथे चालते, कारण फोनच्या दोन्ही टोकांची माणसे एकमेकांना अनोळखी असतात. वसतिगृहात ऐकणारा आणि बोलणारा सकाळी एकाच नळावर दात घासतात. इथे नुसते ‘हं, हं’ करत राहिले तर मुलाला वाटते, दादाला काही पडलेली नाही. तेव्हा मधली वाट अशी : सोबत बसायचे, माहिती शोधायला बरोबर जायचे, प्रश्न विचारायचे, आणि निर्णयाच्या तोंडाशी आले की थांबायचे.

सल्ला परत घेणे

दुसरे बोलणे सोबत्याने कॅरम रूममध्ये घेतले, मेस बंद झाल्यावर, दहा वाजता. सुरुवातीलाच गोपनीयतेचे वाक्य बोलला. ते ठरलेले आहे आणि जसेच्या तसे बोलायचे असते : “इथलं बोलणं माझ्यापाशी राहील. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी मॅडमना सांगणार, आणि आधी तुला सांगून सांगणार.” चहाच्या रस्त्यावर हे राहून गेले होते. मग म्हणाला, “परवा मी तुला सोड म्हणालो ते घाईत म्हणालो. ते मी मागे घेतो. ठरवायचं तू. मी सोबत बसतो.”

मुलगा भडकला. “म्हणजे आता तुम्हीपण हात वर करणार?”

असे होणारच हे सोबत्यांना आधी सांगून ठेवायला हवे. ज्याच्या हातात कधी निर्णय दिला नाही त्याला निर्णय देणे म्हणजे सोडून देणेच वाटते. सोबत्याने समर्थन केले नाही. थोडा वेळ जाऊ दिला आणि ठोस काय ते सांगितले : मंगळवारी आणि गुरुवारी दहा ते पावणेअकरा मी इथे असेन, दोन आठवडे. वेळ आणि शेवट दोन्ही सांगितल्याने मुलगा खाली बसला.

मग प्रॅक्टिकल जर्नलचा पाठकोरा कागद आणि त्यावर तीन रकाने : काय घडले, मनात कोणते वाक्य आले, पुढे काय झाले. ही मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतली. महाराष्ट्रात ती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा. सोबत्याला उपचार करायचे नसतात, म्हणून तो फक्त रकाने भरायला मदत करतो. मनातल्या वाक्याशी वाद घालणे हे मॅडमचे काम. सोबती तिथे घुसला की वकील होतो, आणि मुलगा आपल्याच निराशेची बाजू जास्त जोरात मांडायला लागतो.

मधल्या रकान्यात मुलाने लिहिलेले पहिले वाक्य : ‘एम-थ्री निघत नाही म्हणजे माझी इंजिनिअरिंगची लायकी नाही.’ सोबत्याने विचारले, “पेपरात नक्की कुठं अडतं?” मुलगा म्हणाला, “सगळंच.” पेपर काढला. लाप्लास घेता येत होते. उलटे लाप्लास घेताना पार्शल फ्रॅक्शन पाडायची वेळ आली की पेन थांबत होते. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी केलेले आणि पेपरनंतर पुसून गेलेले. लायकीचा प्रश्न पंधरा-वीस गणितांच्या सरावाएवढा झाला. सगळ्यांच्या बाबतीत असा सोयीचा खिळा सापडत नाही. पण शोधून पाहायला अर्धा तासही लागत नाही.

दुसरे वाक्य लिहायला त्याला बराच वेळ लागला : ‘काकांचे पैसे घेतले म्हणजे मला नाही म्हणायचा हक्क नाही.’ इथे सोबत्याने एकच प्रश्न विचारला, “हे तुला कुणी सांगितलं?” मुलाने डोके खाजवले. “कुणी नाही. तसंच असतं ना.”

हे दुसरे वाक्य कट्ट्यावर आधीच येऊन गेले होते, हे सोबत्याच्या नंतर लक्षात आले. दर पंधरा दिवसांनी बुधवारी सोबती एक विचारकट्टा भरवत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या प्रेरणेने कॉलेजांमध्ये सुरू झालेल्या विवेकवाहिनीच्या धर्तीवरच तो सुरू केला होता, पण पहिले तीन कट्टे फसले. विषय मोठे घेतले, वक्तृत्व स्पर्धेतली मुले बोलली, बाकीची मोबाइल बघत बसली. मग पद्धत बदलली. एकच प्रश्न, आधी पाच मिनिटे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचे, नाव घालायचे नाही, चिठ्ठ्या एकत्र करून कोणीही वाचायच्या. आधी लिहून घेतल्याशिवाय पहिला बोलणारा बाकीच्यांची मते ठरवून टाकतो. जुलैच्या कट्ट्यात प्रश्न होता, ‘कोणती गोष्ट विचारायची भीती वाटते?’ एका चिठ्ठीवर होते : ‘फी भरणाऱ्यानेच का ठरवायचे.’ अक्षर सुबक होते.

दोन आठवड्यांत मुलाने स्वतः पाच गोष्टी शोधून आणल्या. परीक्षा विभागात जाऊन फॉर्मच्या तारखा. सोडले तर कागदपत्रे आणि फीचे काय होते. अर्ध्यात सोडलेल्या दोघांशी आणि इयर डाऊन होऊन टिकलेल्या दोघांशी फोनवर बोलणे. डिप्लोमा ट्रेनीला हातात खरे किती पडतात. ही माहिती आधी ऐकलेल्या कोणत्याच गोष्टीशी नीट जुळली नाही, आणि तेच बरे झाले.

रविवारची रात्र

मधल्या काळात घरून दोनदा फोन झाले, दोन्ही वाईट. सप्टेंबरच्या एका रविवारी रात्री ११:४० ला सोबत्याच्या मोबाइलवर मेसेज आला : ‘दादा माझ्यामुळं सगळ्यांना त्रास झाला. तुमचा कॅल्क्युलेटर टेबलावर ठेवलाय.’

उसना घेतलेला कॅल्क्युलेटर रात्री पावणेबाराला परत करणे ही खूण आहे. सोबत्याने मेसेजला उत्तर टाइप केले नाही. शेजारच्या सोबत्याला उठवले आणि दोघे खोलीवर गेले. एकट्याने जायचे नाही हा नियम, म्हणजे एक जवळ राहतो आणि एक फोन करतो.

आता भाषेची एक गोष्ट. “तसलं काही डोक्यात नाही ना?” असे आपण सहज विचारतो. त्यातला ‘ना’ समोरच्याचे उत्तर आधीच ठरवतो; त्याला फक्त ‘नाही’ म्हणायचे उरते. “वेडंवाकडं काही करू नकोस हं” हा तर प्रश्नच नव्हे. सहा तास प्रशिक्षण यावर घालवलेले असते, कारण नेमके वाक्य तोंडाला येत नाही. सोबत्याने विचारले, “मरून जावं, जीव द्यावा असे विचार येतायत का?” असे विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जातो ही भीती निराधार आहे, उलट विचारले की बहुतेकांना हायसे वाटते. मुलगा बराच वेळ चादरीची दशी ओढत राहिला. “येतात.”

पुढचे प्रश्न आत्महत्येचा धोका तपासायच्या कोलंबिया प्रश्नावलीतले, ते डॉक्टर नसलेल्यांनाही विचारता येतात : कसे करायचे याचा विचार केलास का, करायचा इरादा आहे का, काही तयारी केलीस का, याआधी कधी केले होतेस का. दोन उत्तरे ‘हो’ आली. इथे सोबत्याचे ऐकण्याचे काम संपते आणि सांगण्याचे सुरू होते. निर्णय त्याचा, हे तत्त्व इथे लागू नाही. “हे मी माझ्यापाशी ठेवू शकत नाही, तुला कॅरम रूममध्ये सांगितलं होतं. मी इथंच आहे, हा सरांना फोन करेल.”

सोबत्यांचे काम पाहणाऱ्या समन्वयक सरांनी पहिल्या रिंगला फोन उचलला नाही, तिसऱ्या वेळी उचलला. तोवर टेलि-मानसचा १४४१६ लावला होता. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे आणि भाषा निवडून मराठीत बोलता येते. मुलगा स्वतः २५ मिनिटे बोलला, सोबती दारापाशी बसून राहिला. ज्याचा धोका वाटत होता ती वस्तू दुसऱ्या सोबत्याने मुलाला सांगून खोलीबाहेर नेली.

बिघाड झाला तो वेगळ्याच बाजूने. मजल्यावरच्या एका मुलाने व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजीसह एक ओळ टाकली, आणि पाच मिनिटांत पॅसेजमध्ये बारा जण. चांगल्या मनाने आलेली गर्दीही गर्दीच. दुसऱ्या सोबत्याने “त्याला बरं नाहीये, आम्ही आहोत, तुम्ही झोपा” एवढे बोलून त्यांना पांगवले. मेसेज काढून टाकला, पण ३१ जणांनी वाचला होता.

रेक्टर आले ते घाबरूनच. त्यांना दोन गोष्टींची घाई होती : चुलत्यांना फोन आणि पोलिसांची चिंता. दुसरी गैरलागू होती. मुलाने काही केलेले नव्हते, आणि प्रयत्न झाला असता तरी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरते आणि तिला शिक्षेपासून संरक्षण देते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे जुने ३०९ कलम उरलेलेही नाही. पहिल्या गोष्टीबाबत समन्वयक सरांनी मुलालाच विचारले : घरच्यांना कळवावेच लागेल, कोणाला आधी कळवू? तो म्हणाला, “आईला.” कळवायचे की नाही हे त्याच्या हाती राहिले नव्हते, पण कोणाला हे राहिले होते, आणि त्या रात्री त्याला तेवढेच पेलणारे होते.

सकाळपर्यंत दोघांपैकी एक जण कायम खोलीत होता. आई पहिल्या एसटीने निघाली. नऊ वाजता मॅडम स्वतः आल्या आणि मुलाला जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत घेऊन गेल्या. निदान काय झाले, गोळ्या कोणत्या, हे सोबत्यांना सांगितले गेले नाही. त्यांना कळायची गरज नव्हती.

नंतर

मुलगा नऊ दिवसांनी परत आला. मेसमध्ये काय सांगायचे हे त्याच्याशी आधी ठरवले होते : “बरं नव्हतं, दवाखान्यात होतो, आता ठीक.” ३१ जणांनी काय वाचले होते ते सगळ्यांना माहीत होते, पण ठरलेले एक वाक्य जवळ असले की माणूस रांगेत उभा राहू शकतो.

मॅडमनी त्याच्याबरोबर सुरक्षेचे कार्ड केले, सहा ओळींचे, ते त्याने मोबाइलच्या कव्हरमागे ठेवले. पहिली ओळ धोक्याची खूण, त्याच्या शब्दांत : ‘जेवायला उशिरा जावंसं वाटतं.’ मग एकट्याने करायची गोष्ट, जिथे बरे वाटते ती जागा आणि माणसे, जिला सांगता येईल ती व्यक्ती, मॅडमचा आणि १४४१६ हा नंबर, आणि खोलीत काय ठेवायचे नाही ते. कार्डावर सोबत्याचे नाव चौथ्या ओळीत होते, रूममेटच्या नंतर. तसेच असावे. पहिलेच नाव सोबत्याचे आले तर व्यवस्था एका मुलाच्या खांद्यावर उभी आहे असे समजावे.

त्या खांद्याचे काय झाले? सोबती पुढचे चार दिवस नीट झोपला नाही आणि “मी ठीक आहे” असेच सांगत राहिला. ४८ तासांत मॅडमशी बोलणे हा नियम होता; तो पाळला गेला, पण त्यालाच दोनदा बोलवावे लागले. तीन आठवडे त्याच्याकडे नवे कोणी द्यायचे नाही असे ठरले. त्याला ते शिक्षेसारखे वाटले. वैयक्तिक नंबर देणे मग सगळ्यांनीच बंद केले. पाळीपाळीने एक ड्यूटी मोबाइल फिरू लागला आणि एका सोबत्याकडे एका वेळी तीनपेक्षा जास्त मुले नाहीत अशी मर्यादा घातली. कॅरम रूम सोडून वाचनालयामागची खोली घेतली, जिला दोन दारे आहेत.

चुलते ऑक्टोबरात आले. मुलाने त्यांना मॅडमसमोर विचारले, “काका, मी सोडलं तर तुम्हाला सगळ्यात जास्त काय लागेल?” चुलते पैशाचे काही बोलले नाहीत. म्हणाले, “चार विषय राहिलेत हे मला परक्या माणसाकडून कळलं.”

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलाने स्वतःच्या अक्षरात एक पान लिहून आणले. यंदा तीन विषयांचे फॉर्म भरणार, एम-थ्री पुढच्या खेपेला. दोन परीक्षांत निघाला नाही तर डिप्लोमावर नोकरी, आणि हे काकांना आत्ताच सांगितलेले आहे. पान वाचून सोबत्याने विचारले, “हे कुणी सुचवलं?” मुलगा जरा चिडलाच. “कुणी नाही. मीच.”

त्या दिवशीच्या नोंदीत चारही प्रश्नांपुढे मजकूर आहे. चौथ्यापुढे : ‘विचारले. विचार अधूनमधून येतात, मॅडमना माहीत आहे.’ दुसऱ्यापुढे : ‘मला अजूनही वाटते त्याने सोडावे. बोललो नाही.’ तिसऱ्यापुढे एकच शब्द, ‘त्याचा.’